प्रकल्प नोंदी: ऑर्डर आणि साठा यांच्या मधली क्यू

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून नोंदी ठेवतेय. मागच्या प्रकल्पात ठेवल्या नव्हत्या आणि सहा महिन्यांनी 'हे असं का केलं?' या एका प्रश्नाला तिघांची तीन उत्तरं निघाली.

सध्या ऑर्डर घेणारं ॲप्लिकेशन (पुढे नुसतं 'ऑर्डर') साठा सांभाळणाऱ्या ॲप्लिकेशनला (पुढे नुसतं 'साठा') थेट एचटीटीपीवरून सांगतं, 'या वस्तूचे तीन नग राखून ठेव.' उत्तर येईपर्यंत ऑर्डरचा एक थ्रेड, म्हणजे एका वेळी एक काम हाताळणारा धागा, तिथेच ताटकळतो. एरवी उत्तर ५० मिलिसेकंदांत येतं, म्हणून कुणाच्या ते लक्षात येत नाही. रात्री साठ्याची फेरमोजणी लागली की डेटाबेस धापा टाकतो आणि तेच उत्तर पाच सेकंदांवर जातं.

इथे लिटलचा नियम लावून पाहिला. जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला: आत अडकलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत राहण्याचा सरासरी वेळ. सेकंदाला ४० विनंत्या आणि ०.०५ सेकंद, म्हणजे एका वेळी २ थ्रेड अडकलेले. पाच सेकंद झाले की २००. आमचा थ्रेड पूल, म्हणजे एकूण उपलब्ध थ्रेड, बरोबर २०० चाच आहे. फेरमोजणीच्या रात्री ज्यांना साठ्याशी काही देणंघेणं नाही अशी पानंसुद्धा का उघडत नाहीत, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

बैठकीत ठरलं की मध्ये रॅबिटएमक्यू हा ब्रोकर ठेवायचा, म्हणजे मेसेज रांगेत (क्यूमध्ये) ठेवून पुढे पोचवणारा मध्यस्थ. 'क्यू आली की दोन्ही बाजू मोकळ्या' असं एक वाक्य त्यात ऐकलं. मला ते पटलेलं नाही. निरोप टाकून मोकळं व्हायचं असेल तर क्यू छानच. पण आम्हाला उत्तर हवंय, आणि उत्तर हवं असलं की वाट पाहणं आलंच. क्यू फक्त ती वाट कुठे पाहायची ते बदलते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला कच्चा नमुना चालला. विनंतीच्या मेसेजवर दोन गोष्टी लिहायच्या: 'रिप्लाय-टू', म्हणजे उत्तर कुठे टाकायचं, आणि 'कोरिलेशन आयडी', म्हणजे हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर. ऑर्डरच्या मेमरीत एक मॅप, म्हणजे आयडीवरून नोंद शोधायची यादी, असतो. त्यात आयडीसमोर फ्यूचर (पुढे येणाऱ्या उत्तराची राखीव जागा) ठेवायचा आणि उत्तर आलं की त्या आयडीचा फ्यूचर पूर्ण करायचा. थ्रेड मध्ये लटकत नाही. हीच कल्पना इतरत्रही दिसते: जेएमएस या जावाच्या मेसेजिंग मानकात याच दोन गोष्टी हेडर म्हणून आहेत, एमक्यूटीटी या मेसेजिंग प्रोटोकॉलमध्ये पाचव्या आवृत्तीपासून 'रिस्पॉन्स टॉपिक' आणि 'कोरिलेशन डेटा' आले. नावं वेगळी, दुखणं एकच.

सुरुवातीला प्रत्येक विनंतीला नवी रिप्लाय क्यू बनवत होते. वाचायला सुटसुटीत, चालायला भयंकर: क्यू जाहीर करायलाच ब्रोकरकडे एक फेरी, मोडायला आणखी एक. मग एका प्रोसेसला एकच क्यू केली. शेवटी 'डायरेक्ट रिप्लाय-टू' वर आले. तो रॅबिटएमक्यू ३.४.० पासून आहे. त्यात खरी क्यू नसतेच, ब्रोकर उत्तर थेट आमच्या चॅनलवर (कनेक्शनच्या आतल्या उपमार्गावर) ढकलतो. अटी दोन: आधी नो-अ‍ॅक पद्धतीने, म्हणजे मेसेजची पोच न देता, ऐकायला बसायचं, आणि विनंती त्याच चॅनलवरून पाठवायची. मी दुसऱ्या चॅनलवरून पाठवली आणि ब्रोकरने ४०६ ही एरर देऊन चॅनल बंद केला. अर्धी दुपार त्यात गेली.

लक्षात ठेवायचं: कनेक्शन तुटलं तर वाटेतलं उत्तर गेलं. प्रोसेसची स्वतःची एक्सक्लुझिव्ह क्यू (फक्त त्याच कनेक्शनची) असती तरी कनेक्शनबरोबर तीही गेलीच असती, म्हणून यात नुकसान नाही. पण उत्तर हरवू शकतं हे धरूनच पुढचं सगळं लिहायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

स्टेजिंगवर, म्हणजे प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या यंत्रणेवर, 'अनोळखी आयडी' अशा ओळी लॉगमध्ये दिसायला लागल्या. माझ्या लॅपटॉपवर एकदाही नाही.

चूक माझीच. आधी मेसेज पाठवत होते आणि मग मॅपमध्ये नोंद करत होते. साठ्याच्या कॅशमध्ये उत्तर तयार असलं की ते इतक्या लवकर परत येतं की तोवर नोंद झालेलीच नसते. उत्तर दारात, घरात कुणी नाही. दोन ओळींची अदलाबदल केली, आधी नोंद मग पाठवणी. पाठवणीच फसली तर नोंद काढून टाकायची, तेही जोडलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

टाइमआउट ३ सेकंद ठेवला. वेळ संपली की मॅपमधली नोंद काढायची, नाहीतर मेमरी गळत राहते. त्यानंतर आलेलं उत्तर टाकून द्यायचं, पण मोजायचं. या मोजणीला मी 'वरातीमागून घोडं' नाव दिलंय. डॅशबोर्डवर ते नाव पाहून टेस्टिंगवाली हसली, पण राहू दे म्हणाली.

आज स्टेजिंगवर साठा मुद्दाम हळू केला आणि या तीन ओळी मिळाल्या:

११:४२:०७.३१० विनंती पाठवली, ३ नग
११:४२:१०.३१० टाइमआउट; ग्राहकाला 'उपलब्ध नाही'
११:४२:१०.६८४ उशिरा उत्तर: 'राखून ठेवले, ३ नग'

फरक ३७४ मिलिसेकंदांचा. ग्राहकाला नाही म्हणून सांगितलं आणि गोदामात त्याच्याच नावाने तीन नग बाजूला काढले गेले. ते आता कुणाचेच नाहीत.

आमच्या कोडमध्ये टाइमआउट आणि नकार एकाच 'कॅच'मध्ये (एरर पकडणाऱ्या कोडमध्ये) जात होते. नकार हे उत्तर आहे. टाइमआउट म्हणजे आपण ऐकायचं थांबवलं, एवढंच. समोर काम झालंय, होतंय, की सुरूच झालं नाही, याबद्दल तो चकार शब्द सांगत नाही. आणि हे काही आजचं शहाणपण नाही. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात बिरेल आणि नेल्सन यांनी रिमोट प्रोसिजर कॉल (दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन बोलावणं) बांधला, त्यावरच्या १९८४ च्या लेखात वचन नेमकं एवढंच दिलंय: कॉल नीट परतला तर काम एकदाच झालं, एक्सेप्शन आलं तर एकदा झालं किंवा झालंच नाही, यातलं कुठलं ते सांगता येणार नाही. चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आम्ही एका 'कॅच'मध्ये गुंडाळून टाकलं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

टाइमआउट झाला की पुन्हा पाठवायचं, दोनदा, असं सहकाऱ्याने घातलं. दहा मिनिटांत एका ऑर्डरवर तीनाऐवजी सहा नग राखले गेले. अपेक्षितच होतं, पण डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

मग वाद. त्याचं म्हणणं, कोरिलेशन आयडी आहेच की, पुन्हा पाठवताना तोच ठेवू आणि साठा तो पाहून दुबार ओळखेल. माझं म्हणणं, दोन वेगळे प्रश्न एका आकड्यावर लादू नयेत. कोरिलेशन आयडी सांगतो 'हे कुठल्या निरोपाचं उत्तर'. दुबार ओळखायला हवं असतं 'हे कुठलं काम'. निरोप तीनदा जाऊ शकतो, काम एकच. एकच आयडी ठेवला तर कुठल्या प्रयत्नाला किती वेळ लागला हेही लॉगमधून कळेनासं होतं. तासाभराने तो मानला. म्हणजे निदान 'कर काय करायचं ते' म्हणाला.

आता प्रत्येक राखणीला एक 'कामाची किल्ली' असते. ऑर्डर तयार होतानाच ती ठरते आणि कितीही वेळा पाठवलं तरी बदलत नाही. साठ्याच्या डेटाबेसमध्ये एक टेबल: किल्ली, आणि तिला दिलेलं उत्तर. किल्लीवर युनिक बंधन, म्हणजे एकच किल्ली दोनदा लिहिता येत नाही. किल्ली लिहिणं आणि नग राखणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही होतात किंवा एकही नाही), हे महत्त्वाचं. आधी किल्ली वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये लिहून पाहिली. मध्येच प्रोसेस मारली तर किल्ली होती आणि नग नव्हते, म्हणजे पुढच्या प्रत्येक प्रयत्नाला 'हे झालंय' असं खोटं उत्तर. दुसरी प्रत आली की इन्सर्ट आपटतो, मग जपून ठेवलेलं उत्तर वाचून तेच पाठवायचं.

ब्रोकरला अ‍ॅक कमिटनंतर, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावर. कमिट झालं आणि अ‍ॅकआधी साठा कोसळला तर ब्रोकर तोच मेसेज परत देईल, साठा किल्ली ओळखेल. आधी अ‍ॅक दिला असता तर काम कायमचं गहाळ.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आजची नोंद लांबणार.

चाचणी साधी होती. साठा चार मिनिटं बंद ठेवायचा, मग चालू करायचा, आणि गाडी रुळावर यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. हिशेब आधीच मांडला होता: सेकंदाला ४० विनंत्या, २४० सेकंद, म्हणजे ९,६०० साचतील. साठ्याची कुवत सेकंदाला १००, नव्या ४० येतच राहणार, म्हणजे निव्वळ ६० ने कमी. १६० सेकंदांत क्यू रिकामी.

साठा चालू केला. क्यूमध्ये २८,००० च्या वर मेसेज. चहा घेऊन आले तर आकडा वाढलेला. साठ्याचा सीपीयू पूर्ण भरलेला, लॉग भराभर पळतोय, एकही एरर नाही, आणि ऑर्डरच्या बाजूला प्रत्येक विनंतीला टाइमआउट. एकही उपयोगी उत्तर नाही.

कागद घेऊन बसल्यावर उलगडलं. हिशेबात रिट्राय धरलाच नव्हता. टाइमआउट झालेली प्रत्येक विनंती आणखी दोनदा येते, म्हणजे आवक ४० नाही, १२०. कुवत १००. क्यू सेकंदाला २० ने वाढतच राहणार. साठा बंद होता हे मूळ कारण कधीच संपलं होतं; आता क्यू लांब म्हणून टाइमआउट, टाइमआउट म्हणून रिट्राय, आणि रिट्राय म्हणून क्यू लांब. आपोआप हे कधीच सुटलं नसतं. आणि साठा इमानेइतबारे ज्या विनंत्या उरकत होता, त्या विचारणारे कधीच निघून गेले होते. पालथ्या घड्यावर पाणी, तेही सेकंदाला शंभर घागरी.

उपाय तीन थरांत लागले.

पहिला, मेसेजलाच मुदत. 'एक्सपायरेशन' ३००० ठेवलं, मिलिसेकंदांत. ते अंक म्हणून नाही, स्ट्रिंग म्हणून द्यावं लागतं. लायब्ररीने ओरडल्यावर कळलं. मुदत संपलेला मेसेज क्यूच्या तोंडाशी आला की ब्रोकर टाकून देतो. फक्त तोंडाशी आल्यावर: वेगवेगळ्या मुदतींचे मेसेज मिसळले तर मेलेले मध्येच पडून राहतात आणि क्यूची लांबी फसवते. आमची मुदत सगळ्यांना सारखी, म्हणून चाललं.

तरी 'वरातीमागून घोडं' शून्यावर येईना. दुसरा थर तिथे सापडला, प्रीफेच. साठ्याचा कन्झ्युमर एका दमात २५० मेसेज उचलून स्वतःजवळ ठेवत होता. एकदा उचललेल्या मेसेजला ब्रोकरची मुदत लागू नाही. सेकंदाला शंभरच्या वेगाने २५० वा मेसेज अडीच सेकंद साठ्याच्या खिशात पडून. प्रीफेच १० केला.

तिसरा थर, काम सुरू करण्याआधी साठ्याने स्वतः पाहायचं की मुदत उरलीय का. त्यासाठी हेडरमध्ये मुदत लिहायची, पण कशी? 'अमुक वाजेपर्यंत' की 'अजून इतके मिलिसेकंद'? जीआरपीसी, म्हणजे रिमोट कॉलचं एक फ्रेमवर्क, उरलेला कालावधी पाठवतं. दोन मशीनची घड्याळं जुळत नसली तरी त्याचं बिघडत नाही. पण तिथे कनेक्शन थेट असतं. आमचा मेसेज क्यूमध्ये किती वेळ बसला हे 'अजून ३००० मिलिसेकंद' या आकड्याला कसं कळणार? म्हणून 'अमुक वाजेपर्यंत'च लिहिलं, आणि लगेच स्टेजिंगवरच्या साठ्याचं घड्याळ १.८ सेकंद पुढे निघालं. तीन सेकंदांतले जेमतेम १.२ आमच्या हाती. ऑपरेशन्सवाल्यांनी एनटीपी (मशीनची घड्याळं जुळवणारा प्रोटोकॉल) दुरुस्त केला, फरकावर अलार्म लावला, आणि तपासणीत २०० मिलिसेकंदांची सवलत ठेवली.

चाचणी पुन्हा केली. साठा चालू केल्यावर पाच सेकंदांच्या आत उपयोगी उत्तरं यायला लागली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नाव चुकलेल्या क्यूकडे मेसेज गेला तर ब्रोकर तो गुपचूप फेकतो आणि आम्ही तीन सेकंद वाट बघत बसतो. 'मँडेटरी' चालू केलं. आता असा मेसेज लगेच परत येतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रिट्राय काढून टाकला. सहकारी म्हणाला, मग टाइमआउटनंतर करायचं काय? खरा प्रश्न हाच होता. ११ तारखेपासून आम्ही त्याच्याभोवती घिरट्या घालतोय.

ठरलं ते असं. टाइमआउट झाला की ऑर्डर 'प्रलंबित'. ग्राहकाला नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचं नाही. उशिरा उत्तर आलं तर त्यावरची किल्ली पाहून ऑर्डर निकाली काढायची, म्हणजे वरातीमागून आलेलं घोडंही कामाला लागलं. तेही आलं नाही तर थोड्या वेळाने साठ्याला विचारायचं: 'या किल्लीचं काय झालं?' ही विचारणा वेगळ्या क्यूवर, नाहीतर ती त्याच रांगेत मागे उभी राहायची. उत्तर आलं नाही तर दर वेळी अंतर दुप्पट करत जायचं आणि त्यात थोडा रँडमपणा मिसळायचा, म्हणजे सगळ्या प्रलंबित ऑर्डरी एकाच क्षणी दार ठोठावणार नाहीत.

फळ्यावर हे लिहून झालं आणि टेस्टिंगवालीने विचारलं, 'साठा म्हणाला, ही किल्ली माहीत नाही. मग काय?'

मी म्हटलं, मग काम झालेलं नाही, ऑर्डर रद्द.

'आणि मूळ विनंती अजून वाटेत असेल तर?'

मुदत संपली की ती टाकलीच जाणार, मी म्हटलं. ती म्हणाली, मुदत काम सुरू करण्याआधी तपासता ना? तपासलं, आणि त्यानंतर ट्रान्झॅक्शन चार सेकंद डेटाबेसच्या कुलपात (लॉकमध्ये) अडकलं तर? मी गप्प. 'माहीत नाही' याचा अर्थ 'आत्तापर्यंत नाही' एवढाच निघतो. पुढच्या क्षणाबद्दल त्यात काही नाही.

दोन तास खल झाला. थोडं अजून थांबून विचारू, हा पहिला प्रस्ताव. पण किती थांबलं की पुरे, याला उत्तर नाही. शेवटी सुचलं ते १२ तारखेच्या टेबलातच होतं. विचारणा आली आणि किल्ली सापडली नाही, तर साठ्याने नुसतं 'माहीत नाही' म्हणायचं नाही. त्याच किल्लीची 'रद्द' अशी ओळ तिथेच लिहायची आणि मग 'रद्द' असं उत्तर द्यायचं. मूळ विनंती नंतर कितीही उशिरा पोचली तरी तिचा इन्सर्ट युनिक बंधनावर आपटेल. ट्रान्झॅक्शन अर्धवट चालू असेल तर उलट आमची 'रद्द' ओळ तिच्यामागे थांबेल, आणि ती कमिट झाली की 'राखून ठेवले' हेच उत्तर मिळेल. दोघांपैकी एकच आत जाणार, आणि कोण गेलं ते दोन्ही बाजूंना सारखंच कळणार.

विचारता विचारता दार लावून घ्यायचं. ही विचारणा आता नुसतं वाचन राहिली नाही, पण कितीही वेळा केली तरी निकाल तोच, म्हणून बेलाशक पुन्हा पाठवता येते. या प्रकल्पातलं मला सगळ्यात आवडलेलं काम, आणि कल्पना माझी नाही, हे इथे लिहून ठेवते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मारामारीचा दिवस. प्रत्येक पायरीवर प्रोसेस मारून पाहिली.

ऑर्डर मेली, पाठवल्यानंतर: मॅप गेला, रिप्लायचा पत्ता गेला, साठ्याचं उत्तर हवेत. पुन्हा उठल्यावर डेटाबेसमधल्या प्रलंबित ऑर्डरी उचलून विचारणा, सगळं जुळलं. पण त्यासाठी 'प्रलंबित' ही ओळ पाठवण्याच्या आधीच लिहिलेली हवी. आमच्याकडे टाइमआउट झाल्यावर लिहिली जात होती. बदललं.

साठा मेला, कमिट आणि अ‍ॅकच्या मध्ये: मेसेज परत आला, किल्ली ओळखली, जुनं उत्तर गेलं.

ब्रोकर मेला: क्यू टिकली, मेसेज गेले. मेसेज डिस्कवर टिकवायचे का, यावर चर्चा. मी नको म्हटलं. त्यांचं आयुष्य तीन सेकंदांचं, ब्रोकर उठायला त्याहून जास्त वेळ लागतो. टिकवून काय करणार, उठल्याउठल्या टाकून देणार.

एका चाचणीत नगांची संख्याच रिकामी गेली. साठा एक्सेप्शन देऊन पडला, मेसेज परत, पुन्हा पडला, पुन्हा परत. आता नियम: वाचता आलेल्या प्रत्येक विनंतीला उत्तर जाणारच, 'झालं', 'नाही' किंवा 'विनंतीच चुकीची'.

४ मार्च, मंगळवार

प्रॉडक्शनवर पाच टक्के विनंत्या क्यूवरून. दिवसभर काही नाही. रात्रीच्या फेरमोजणीत उत्तरं पाच सेकंदांवर गेली, प्रलंबित ऑर्डरी वाढल्या, मोजणी संपल्यावर निवळल्या. सगळी रहदारी वळवली तरी मॅपमध्ये एका वेळी सेकंदाला ४० गुणिले ३ सेकंद, म्हणजे साधारण १२० नोंदी, आणि त्यांच्यापायी एकही थ्रेड अडकलेला नाही. इतर पानं उघडत राहतील.

६ मार्च, गुरुवार

काल रात्रीची एक ऑर्डर:

०२:१४:३१.०५२ विनंती पाठवली, २ नग
०२:१४:३२.४१७ ब्रोकरशी कनेक्शन तुटलं
०२:१४:३३.९०० पुन्हा जोडलं
०२:१४:३४.०५२ टाइमआउट, ऑर्डर प्रलंबित
०२:१४:३८.५९० विचारणा
०२:१४:३८.६४१ उत्तर: 'राखून ठेवले होते, २ नग'

कनेक्शनबरोबर मूळ उत्तर गेलं, विचारणेने ते परत आणलं. ठीक. पण ३२.४१७ ला कनेक्शन तुटलं तेव्हाच ते उत्तर त्या वाटेने येणार नाही हे नक्की झालं होतं, आणि आम्ही पुढचे १.६३५ सेकंद नुसते बसून होतो. तुटण्याची खबर आली की मॅपमधल्या सगळ्या नोंदी तिथल्या तिथे प्रलंबित करायच्या. उद्या सकाळी पहिलं हेच.